चार गट, तीन जनुकं आणि एक अट

३१३, १९०, ४१२, ८५. बेरीज बरोबर एक हजार.

पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सलोनिका आघाडीवर एक हजार हिंदी सैनिकांचं रक्त तपासलं गेलं. त्यात ओ गटाचे ३१३ निघाले, ए गटाचे १९०, बी गटाचे ४१२ आणि एबी गटाचे ८५. हे काम करणारं जोडपं पोलंडचं होतं, लुडविक आणि हाना हिर्शफेल्ड. १९१५ मध्ये सर्बियात टायफसची साथ पसरली तेव्हा लुडविक तिथे मदतीला गेले आणि पुढे सर्बियन सैन्याबरोबर सलोनिकाला पोहोचले. त्या एका शहरात तेव्हा इंग्रज, फ्रेंच, इटालियन, रशियन, सर्ब, सेनेगलचे, मादागास्करचे, व्हिएतनामचे आणि हिंदुस्थानचे शिपाई एकाच वेळी होते. इतक्या देशांची माणसं एका जागी मिळण्याची अशी संधी पुन्हा येणार नाही, हे या दोघांनी ओळखलं. सोळा निरनिराळ्या समूहांतल्या सुमारे आठ हजार माणसांचं रक्त त्यांनी तपासलं आणि १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले.

त्यांच्या तक्त्यातले ५०० इंग्रज सैनिक असे होते: ओ २३२, ए २१७, बी ३६, एबी १५. इंग्रजांत बी गट शंभरात सात आणि हिंदी सैनिकांत एकेचाळीस. एवढी तफावत पाहून हिर्शफेल्ड दांपत्याने मानवाचे मूळ वंश दोन असावेत, एक ए चा आणि एक बी चा, असा तर्क केला. तो टिकला नाही. आकडे पक्के होते, त्यांवर बांधलेला निष्कर्ष कच्चा होता. संख्याशास्त्राच्या इतिहासात हे वरचेवर दिसतं आणि म्हणूनच मोजलेल्या आकड्यांतून न दिसलेली गोष्ट कशी काढावी हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. या प्रकरणात आपण याच चार आकड्यांतून, कागद-पेन्सिल घेऊन, जेवढं निघेल तेवढं काढणार आहोत.

आधी एक साधी गोष्ट. उंची सेंटिमीटरमध्ये मोजता येते, तिची सरासरी काढता येते. रक्तगटाची सरासरी निघत नाही. माणूस एका खान्यात पडतो किंवा दुसऱ्या. मधलं काही नसतं. हाती येते ती शब्दशः खानेसुमारी, म्हणजे कोणत्या खान्यात किती डोकी. मतदान, रोगनिदान, पिकांच्या जाती, शाळेतल्या श्रेणी या सगळ्यांची माहिती अशीच असते. तिला वर्गवारीची माहिती म्हणू. तिच्यात अपूर्णांक नसतात, मोजमापाची बारीक रेघ नसते. असल्या राकट माहितीतून नेमकं उत्तर काढायचं तर बाहेरून काहीतरी घालावं लागतं आणि ते म्हणजे अट.

आता रक्ताकडे येऊ. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नामध्ये १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले आणि एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. तांबड्या पेशींवर ए नावाची खूण असते किंवा नसते. बी नावाची खूण असते किंवा नसते. दोन्ही असल्या तर एबी, दोन्ही नसल्या तर ओ. १९१० मध्ये हायडलबर्गमध्ये एमिल फॉन डुंगर्न आणि हेच लुडविक हिर्शफेल्ड यांनी या खुणा आईबापांकडून वारशाने येतात हे दाखवलं. वारसा नेमका कसा, याचं त्यांचं उत्तर सरळ होतं: ए ची खूण ठरवणारी जनुकांची एक जोडी, बी ची खूण ठरवणारी दुसरी जोडी, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नाही.

ऐकायला हे स्वाभाविक वाटतं. जवळजवळ चौदा वर्षं ते मान्यही होतं. मग गटिंगेनमध्ये बसलेल्या एका गणितज्ञाने रक्ताचा एकही थेंब न तपासता ते मोडून काढलं.

फेलिक्स बर्नस्टाइन यांचं नाव गणिताचे विद्यार्थी संचसिद्धांतात ऐकतात. कँटर-बर्नस्टाइन प्रमेय हे त्यांनी विद्यार्थिदशेत सिद्ध केलेलं प्रमेय. १९२४ मध्ये त्यांनी छापील तक्ते पुढे घेतले आणि एक हिशेब केला. तोच आपण सलोनिकाच्या आकड्यांवर करू. हजार हिंदी सैनिकांत ए ची खूण असलेले १९० अधिक ८५, म्हणजे २७५. बी ची खूण असलेले ४१२ अधिक ८५, म्हणजे ४९७. दोन खुणांचा एकमेकींशी खरोखरच संबंध नसेल, तर दोन्ही खुणा एकत्र असण्याचं प्रमाण हा दोन प्रमाणांचा गुणाकार असला पाहिजे. ०.२७५ गुणिले ०.४९७ म्हणजे ०.१३७. एबी गटाचे १३७ लोक सापडायला हवे होते. सापडले ८५. इंग्रजांत २४ अपेक्षित होते, सापडले १५. योगायोगाने एखाद्या यादीत असं झालं असतं तर सोडून देता आलं असतं, पण प्रत्येक समूहात एबी कमीच पडत होते.

बर्नस्टाइन म्हणाले, जोड्या दोन नाहीत, जागा एकच आहे. एका खुर्चीसाठी ए, बी आणि ओ हे तीन उमेदवार. प्रत्येक माणसाकडे अशा दोन खुर्च्या, एक आईकडून भरलेली, एक वडिलांकडून. दोन्हींवर ओ असेल तर रक्तगट ओ. एकीवर ए आणि दुसरीवर ए किंवा ओ असेल तर गट ए, कारण ओ गप्प बसतो. बी चं तसंच. एकीवर ए, दुसरीवर बी, तर एबी. म्हणजे प्रयोगशाळेत खाने चारच दिसतात, पण आत प्रकार सहा आहेत: एए, एओ, बीबी, बीओ, एबी, ओओ. ए गटाच्या १९० शिपायांत एए किती आणि एओ किती, हे चाचणी सांगत नाही.

इथे दोन मतांत एक फरक असा होता की जो घराघरांत तपासता येईल. जुन्या मताप्रमाणे एबी गटाच्या आईला ओ गटाचं मूल होऊ शकतं. बर्नस्टाइन यांच्या मताप्रमाणे होऊ शकत नाही, कारण आईच्या दोन्ही खुर्च्या ए आणि बी ने अडवलेल्या आहेत; मुलाला द्यायला तिच्याकडे ओ नाहीच. काळजीपूर्वक केलेल्या पुढच्या कौटुंबिक तपासण्यांनी, फार दुर्मिळ अपवाद वगळता, बर्नस्टाइन यांचीच बाजू उचलून धरली. पण त्या तपासण्या होण्याआधी निकाल आकड्यांनी दिला होता, तो कसा ते पाहण्यासारखं आहे.

समजा एका मोठ्या पोत्यात समाजातली सगळी जनुकं मण्यांसारखी भरली आहेत. त्यात ए चा वाटा क, बी चा ख आणि ओ चा ग. तिन्ही मिळून अख्खं पोतं, म्हणून क + ख + ग = १. लग्नं रक्तगट पाहून होत नाहीत, म्हणून माणूस म्हणजे या पोत्यातून डोळे मिटून काढलेले दोन मणी. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये हार्डी आणि जर्मनीत वाइनबर्ग यांनी वेगवेगळं लिहिलेलं तत्त्व ते हेच. मग ओ गटाचं प्रमाण ग चा वर्ग. ए गटाचं प्रमाण क चा वर्ग अधिक क आणि ग च्या गुणाकाराची दुप्पट. बी साठी तसंच ख घेऊन. एबी साठी क आणि ख च्या गुणाकाराची दुप्पट.

बर्नस्टाइन यांनी वर्गमुळं काढली. ओ चं प्रमाण ०.३१३, त्याचं वर्गमूळ ०.५५९५, तो ग. ओ आणि बी मिळून ०.७२५, हे सगळे ए नसलेले, म्हणून याचं वर्गमूळ १ मधून वजा केलं की क, ०.१४८५. ओ आणि ए मिळून ०.५०३, त्यावरून ख, ०.२९०८. आता बेरीज करा: ०.९९८८. इंग्रजांच्या आकड्यांवर हाच हिशेब केला तर बेरीज येते १.००१४.

इथे जरा थांबावं असं मला वाटतं. ही तीन मुळं वेगवेगळ्या खान्यांतून काढली. त्यांची बेरीज १ यावी यासाठी आपण काहीही केलं नव्हतं. ती ०.८ आली असती, १.२ आली असती. ती १ च्या इतक्या जवळ आली याचं एकच सरळ कारण आहे: पोत्यात खरोखर तीनच प्रकारचे मणी आहेत. अट आपण लादली नाही, आकड्यांनी ती आपणहून पाळली.

तरीही ०.९९८८ म्हणजे १ नव्हे. ग किती म्हणायचा? वर्गमुळाने ०.५५९५ आणि उरलेल्या दोघांना १ मधून वजा केलं तर ०.५६०७. दोन्ही वाटा रास्त आहेत आणि दोन उत्तरं आहेत. हजार माणसांत हा फरक क्षुल्लक वाटेल. शंभर माणसांच्या एखाद्या आदिवासी पाड्याच्या नोंदीत तो वाढतो. तीन वाट्यांत उरलेली तूट वाटून टाकण्याची एक दुरुस्ती बर्नस्टाइन यांनीच १९३० मध्ये दिली आणि ती चांगली होती. पण मूळ प्रश्न उरतोच: एकाच माहितीतून अट पाळणारी अनेक उत्तरं निघत असतील, तर त्यांतलं सर्वांत चांगलं कोणतं, आणि चांगलं म्हणजे काय?

याचं उत्तर रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये नीट मांडलं. क, ख, ग यांच्या कोणत्याही किमती मनाशी धरा. त्या खऱ्या असत्या तर ३१३, १९०, ४१२, ८५ हेच आकडे येण्याची संभाव्यता किती, ते काढा. ज्या किमतींना ही संभाव्यता सर्वांत मोठी येते त्या घ्या. या संभाव्यतेला संख्याशास्त्रज्ञ लाइकलीहूड म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचं तर, जी गोष्ट डोळ्यांसमोर घडली ती ज्या कहाणीने सर्वांत कमी नवलाची ठरते, ती कहाणी आपण पत्करतो.

आता प्रश्नाचं रूप पालटतं. अंदाज बांधण्याचा प्रश्न चढाईचा प्रश्न होतो. क, ख, ग यांचं एक मैदान आहे. मैदानाच्या प्रत्येक बिंदूवर लाइकलीहूडची उंची आहे. सर्वांत उंच जागा शोधायची आहे. गणितात याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. मैदान किती मोठं हे अट ठरवते. तिन्ही वाटे मिळून १ आणि एकही वाटा शून्याच्या खाली नाही, एवढं म्हटलं की अमर्याद अवकाशातून एक छोटा त्रिकोण उरतो. त्याच्या तीन कोपऱ्यांवर नुसता ए, नुसता बी आणि नुसता ओ. सगळे खरे समाज कुठेतरी आत.

अट काढून टाकली तर काय होईल? ए चा वाटा वाढवला की ए गटाची संभाव्यता वाढते, बी चा वाढवला की बी ची, म्हणून तिन्ही वाढवत राहा. टेकडीला माथाच उरत नाही. आपल्याकडे अट हा शब्द बहुधा अडचणीच्या अर्थाने येतो. इथे अटीशिवाय प्रश्नालाच अर्थ नाही.

अठराव्या शतकात लॅग्रांज यांनी अशा बांधलेल्या चढाईसाठी एक युक्ती दिली. प्रत्येक अटीला एक गुणक जोडायचा आणि माथ्यावर उभं राहून विचारायचं की ही अट केसभर सैल केली तर उंची किती वाढेल. गुणक म्हणजे त्या अटीची किंमत. आनुवंशिकता बाजूला ठेवून केवळ चार खान्यांची चार प्रमाणं शोधायची म्हटली, तर सर्वोत्तम प्रमाण म्हणजे त्या खान्यातली डोकी भागिले एकूण डोकी. शाळेतलं मूल हेच करील. आणि उंची लॉगरिदममध्ये मोजली तर तिथे गुणकाची किंमत बरोबर १००० येते, म्हणजे तपासलेल्या माणसांची संख्या. जितकी माणसं जास्त, तितकी ती अट घट्ट. मला हे फार देखणं वाटतं: अटीचं वजन माहितीच्या वजनाइतकंच निघालं.

आपल्या त्रिकोणात मात्र उत्तर असं एका ओळीत येत नाही. डब्ल्यू. एल. स्टीव्हन्स यांनी १९३८ मध्ये हा माथा गाठण्याची पद्धत पायरी-पायरीने लिहून दिली, पण ती हाताने करणं जिकिरीचं होतं. १९५५ मध्ये चेपेलिनी, सिनिस्काल्को आणि स्मिथ या तिघांनी एक वाट दाखवली. ती इतकी साधी आहे की दहावीचा विद्यार्थी ती चालू शकेल. तिला जनुकं मोजणं म्हणतात. चला, चालून पाहू.

हजार माणसं म्हणजे दोन हजार खुर्च्या. सुरुवातीला काहीच ठाऊक नाही, म्हणून तिघांना समान वाटा देऊ, प्रत्येकी एक तृतीयांश. असं असेल तर ए गटाच्या माणसांत एए किती? क भागिले क अधिक ग ची दुप्पट, म्हणजे एक तृतीयांश. १९० पैकी ६३.३ एए आणि १२६.७ एओ. माणसांचे तुकडे पाडल्यासारखं वाटेल. ही डोकी अंदाजाची आहेत, चालतं. बी गटातही तसंच, १३७.३ बीबी आणि २७४.७ बीओ. आता खुर्च्या मोजा. ए च्या: एए माणसांकडून दोन-दोन, एओ आणि एबी कडून एकेक, एकूण ३३८.३. त्याला दोन हजारांनी भागा: ०.१६९. तसाच बी चा वाटा ०.३१७, ओ चा ०.५१४.

हे नवे वाटे घेऊन पुन्हा तेच करा. दुसऱ्या फेरीत ०.१५१, ०.२९७, ०.५५२. तिसऱ्या फेरीत ०.१४९, ०.२९२, ०.५५९. चौथीत ०.१४९, ०.२९१, ०.५६०. यापुढे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत काही हलत नाही. आपण माथ्यावर आलो.

या वाटेतली खुबी लक्षात घ्या. प्रत्येक फेरीत खुर्च्या दोन हजारच मोजल्या, म्हणून वाट्यांची बेरीज दर वेळी आपोआप १ झाली. मोजणी ऋण येऊ शकत नाही, म्हणून एकही वाटा शून्याखाली गेला नाही. अट राखायला वेगळा पहारेकरी लागला नाही, ती पावलांतच विणलेली आहे. एरवीच्या वेगवान पद्धती, उदाहरणार्थ न्यूटनची, लांब ढांगा टाकतात आणि कधी कधी त्रिकोणाच्या बाहेर पाय टाकतात. मग कोणाचा तरी वाटा उणे येतो. आपली वाट प्रत्येक पावलाला चढतेच, कधी उतरत नाही. १९७७ मध्ये डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी असल्या सगळ्या पद्धतींचं एक कूळ आहे हे दाखवून त्याला ईएम हे नाव दिलं. जिथे जिथे माहितीचा काही भाग झाकलेला असतो तिथे आज ती वापरली जाते.

आलेल्या वाट्यांवरून उलटा हिशेब करू. ओ ३१४, ए १८९, बी ४११, एबी ८६. प्रत्यक्षात ३१३, १९०, ४१२, ८५. जुन्या दोन जोड्यांच्या मताला त्याची सर्वोत्तम संधी दिली, म्हणजे त्यालाही त्याच्या अटींत जास्तीत जास्त उंचीवर नेलं, तरी त्याचे आकडे येतात ओ ३६५, ए १३८, बी ३६०, एबी १३७. दोन मतांपैकी कोणतं खरं, हे इथे सांगावं लागत नाही.

आणि झाकलेला भागही उघडला. ए गटाच्या १९० पैकी सुमारे २२ एए, बाकीचे १६८ एओ. बी गटाच्या ४१२ पैकी सुमारे ८५ बीबी. त्या काळी कोणत्याही चाचणीने हे एकेका माणसाचं सांगता आलं नसतं. समूहाचं मात्र सांगता आलं, फक्त अटींच्या जोरावर.

हे शक्य होतं यामागे एक बारीक हिशेब आहे. चार खान्यांची प्रमाणं म्हणजे तीन मोकळ्या संख्या, कारण चौथी बेरजेने ठरते. बर्नस्टाइन यांच्या मतात मोकळ्या संख्या दोनच, कारण क आणि ख कळले की ग ठरला. एक संख्या शिल्लक राहते. ती शिल्लक म्हणजे मताला खोटं ठरवण्याची संधी. खाने तीनच असते तर तीन आकड्यांत कोणतंही दोन संख्यांचं मत बहुधा बसवता आलं असतं आणि काहीच सिद्ध झालं नसतं. कोणतंही मत स्वीकारण्याआधी त्याच्यापाशी अशी शिल्लक आहे का, हे वाचकाने जरूर विचारावं.

अट चुकीची असली तर ती ओरडून सांगते का, हेही पाहू. मुद्दाम एक चूक करतो. हजार हिंदी आणि पाचशे इंग्रज शिपाई एकाच यादीत मिसळतो: ओ ५४५, ए ४०७, बी ४४८, एबी १००. बर्नस्टाइन यांच्या वर्गमुळांची बेरीज आता ०.९९२५ येते; आधीच्या तुटीच्या सहापट तूट. एबी ११४ यायला हवे होते, आले १००. दोन्ही समूह स्वतंत्रपणे अट पाळत होते, मिश्रण पाळत नाही, कारण हे एक पोतं नाही, दोन आहेत, आणि एकातला मणी दुसऱ्यातल्या मण्याशी जोडला जात नाही. मुंबईसारख्या शहरातल्या रक्तपेढीची अख्खी यादी घेऊन असा हिशेब करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. जातीत आणि पोटजातीत लग्नं होणाऱ्या आपल्या समाजात एक पोतं धरून चालणं ही मोठी उडी आहे.

आता त्रिकोणाच्या कडेला जाऊ. दक्षिण अमेरिकेतल्या अनेक मूळनिवासी समूहांत जवळजवळ सगळे ओ गटाचे असतात. समजा दोनशे माणसं तपासली आणि दोनशेही ओ निघाली. माथा आता त्रिकोणाच्या थेट कोपऱ्यावर, ए आणि बी दोन्हींचा वाटा शून्य. आतल्या माथ्यावर जमीन सपाट असते, चढ संपलेला असतो. कोपऱ्यावर तसं नाही. जमीन अजून चढतेच आहे, पण पुढे भिंत आहे. अशा जागी सर्वोत्तम बिंदू कसा ओळखावा याचा नियम विल्यम करुश यांनी १९३९ मध्ये शिकागोत आपल्या पदव्युत्तर प्रबंधात लिहिला आणि त्याकडे कोणी पाहिलं नाही. १९५१ मध्ये कून आणि टकर यांनी तो स्वतंत्रपणे मांडला तेव्हा जगाने उचलला. आज तिघांची नावं एकत्र घेतात.

कडेवरच्या उत्तराबद्दल सावध राहावं लागतं. नेहमीच्या माथ्यावर टेकडी किती टोकदार आहे यावरून चूक किती संभवते ते निघतं. हिंदी सैनिकांच्या ए वाट्याला दोन्ही बाजूंना साधारण ०.००८. भिंतीला टेकलेल्या माथ्याला दोन बाजूच नाहीत, तिथे ते सूत्र वापरणं चूक आहे. दोनशे ओ सापडले म्हणजे चारशे खुर्च्यांवर ओ. ए आणि बी मिळून पाऊण टक्का असते तरीही सगळ्या चारशे खुर्च्या ओ निघण्याची शक्यता वीसात एक उरते. म्हणून अहवालात शून्य एवढंच न लिहिता ‘पाऊण टक्क्याहून कमी’ असं लिहावं.

या माणसांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे बर्नस्टाइन यांची गटिंगेनची जागा काढून घेतली गेली. तेव्हा ते अमेरिकेत होते, तिथेच राहिले. हिर्शफेल्ड दांपत्याला दुसऱ्या महायुद्धात वॉर्सॉच्या घेट्टोत कोंडण्यात आलं. तिथेही लुडविक वैद्यक शिकवत राहिले, मग दोघं निसटले, वाचले. रक्तावरून माणसांच्या प्रती लावणाऱ्या राजवटीने रक्ताचा अभ्यास करणारी ही माणसं छळली.

आणि शेवटी आपल्या मुंबईत येऊ. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच एका नव्या रक्तगटाची नोंद केली. नेहमीच्या चाचणीत ही माणसं ओ दिसत होती, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नव्हतं. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात त्याला एच म्हणतात आणि ओ गटाच्या माणसात तो पाया उघडा असतो. या माणसांत पायाच नव्हता. त्यांच्या खुर्च्यांवर ए किंवा बी बसलेला असला, तरी खूण उमटायला जागा नाही. जगभर याला बॉम्बे रक्तगट म्हणतात.

आपल्या हिशेबाच्या दृष्टीने पाहा: ओ च्या खान्यातला प्रत्येक माणूस ओओ आहे, ही आपण न बोलता घातलेली अट होती आणि ती पूर्ण खरी नाही. भारतात बॉम्बे गट साधारण दहा हजारांत एकाला असतो. हजार शिपायांत असा एकही असण्याची शक्यता दहात एक. क, ख, ग च्या तिसऱ्या दशांश स्थळाला त्याने धक्काही लागत नाही. समूहाच्या गणितात ही अट बेशक धरावी. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या माणसासाठी मात्र ती धरता येत नाही. त्याच्या रक्तात एच विरुद्धची प्रतिद्रव्यं असतात आणि ओ गटाची पिशवी त्याचा जीव घेऊ शकते. म्हणून रक्तपेढीत पेशींची चाचणी झाल्यावर रक्तद्रवाची उलटी चाचणीही करतात आणि रुग्णाचा द्रव ओ पेशींनाही गुठळ्या पाडतो आहे असं दिसलं की लगेच थांबतात.

बॉम्बे गटाच्या माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी आजच करून घ्या आणि त्यांची नावं रक्तपेढीत नोंदवा. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक भावंड त्याच गटाचं असण्याची शक्यता चारात एक आहे.